शिक्षकांची स्मृतिसभा कशी भरवावी: साताऱ्यातील अनुभवातून

आमच्या भूगोलाच्या सरांचे निधन झाल्यानंतर आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी साताऱ्यात त्यांची स्मृतिसभा भरवली. त्याआधी काही वर्षे गावाकडील प्राथमिक शाळेच्या गुरुजींसाठी झालेल्या अशाच एका सभेच्या आयोजनात मी होतो. ती सभा आमच्या हातून बिघडली. अकरा वक्ते बोलले, पाहुण्यांची दीड तास वाट पाहावी लागली, आणि ज्यांना गुरुजींनी स्वतःच्या घरी ठेवून शिकवले होते ती माणसे एक शब्दही न बोलता शेवटची एस.टी. पकडण्यासाठी निघून गेली. ती रुखरुख मनात असल्यामुळे सरांच्या सभेच्या वेळी आम्ही प्रत्येक गोष्ट आधी विचारपूर्वक ठरवली. असे काम पहिल्यांदा अंगावर घेणाऱ्या मंडळींना उपयोग व्हावा म्हणून तो सर्व क्रम येथे लिहून ठेवत आहे. सभा शिक्षकांची व्हावी, व्यासपीठावर बसणाऱ्यांची होऊ नये, ही एक गोष्ट मनाशी पक्की असेल तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

१. सर्वांत आधी घरच्यांना भेटा

सभागृह ठरवण्यापूर्वी, व्हॉट्सॲप गट काढण्यापूर्वी आणि कोणाकडेही तारीख बोलण्यापूर्वी शिक्षकांच्या घरी जा. दोघे किंवा तिघे जा, दहा जण जाऊ नका. दहावा-तेरावा व्हायचा असेल तर तो होऊ द्या. पहिल्या भेटीत केवळ इच्छा सांगा आणि निर्णयासाठी आठ दिवसांनी पुन्हा या.

घरच्यांना विचारण्याच्या गोष्टी ठरावीक आहेत. सभा हवी आहे का, हा पहिला प्रश्न असून त्याचे उत्तर ‘नको’ असेही असू शकते, याची तयारी ठेवावी. सभेला काय म्हणायचे, हा दुसरा प्रश्न. ‘शोकसभा’, ‘श्रद्धांजली सभा’, ‘आदरांजली सभा’, ‘कृतज्ञता सभा’ हे शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु निमंत्रणावर छापलेला शब्द सभेचा सूर ठरवतो. आमच्या जिल्ह्यात सत्यशोधक विचारांची घरे आजही आहेत आणि तेथे कर्मकांडाशी जोडलेले शब्द किंवा विधी नको असतात. उलट काही घरी दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन झाले नाही तर उणीव वाटते. शिक्षकांनी हयातीत स्वतः काही सांगून ठेवले असेल, नेत्रदान किंवा देहदान केले असेल, तर ते सभेत जाहीर करायचे की नाही हेही घरच्यांनीच ठरवावे.

आमच्या सरांच्या पत्नींना आम्ही सगळे काकू म्हणतो. त्या म्हणाल्या, “रडायला कोणी येऊ नका. त्यांनी तुम्हाला काय शिकवलं ते सांगायला या.” त्यानुसार निमंत्रणावर ‘कृतज्ञता सभा’ असे छापले आणि मोठ्या हारांचा विचार सोडून दिला.

२. दिवस आणि वेळ

सातारा आणि सांगली भागात तारीख ठरवताना दिनदर्शिका आणि शेती दोन्ही पाहावे लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात, त्यामुळे सेवेत असलेले शिक्षक येऊ शकत नाहीत आणि शाळेची जागाही मिळत नाही. एप्रिल-मे लग्नसराईचे महिने आहेत. जूनअखेरपासून जावळी, पाटण आणि महाबळेश्वरकडील पाऊस माणसांना घराबाहेर पडू देत नाही. भाद्रपदात गणेशोत्सवानंतर पितृपक्ष येतो आणि त्या पंधरवड्याबद्दल प्रत्येक घराची भावना निराळी असते.

शिक्षकांच्या सभेसाठी ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन योग्य वाटतो, पण त्या दिवशी प्रत्येक शिक्षक आपापल्या शाळेच्या कार्यक्रमात गुंतलेला असतो. रयत शिक्षण संस्थेच्या शाळेतील शिक्षक असतील तर २२ सप्टेंबर ही कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती आणि ९ मे हा त्यांचा स्मृतिदिन, हे दोन्ही दिवस टाळावेत. त्या दिवशी संस्थेतील माणसे मोकळी नसतात.

शिक्षकांच्या जन्मदिवशी सभा घ्यावी अशी सूचना हमखास येते. येथे एक सावधगिरी बाळगा. जुन्या पिढीतील अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून हीच जन्मतारीख आढळते, कारण शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणाला ठाऊक नसे आणि गुरुजी सोयीची तारीख लिहून टाकत. सेवापुस्तकातही पुढे तीच येते. घरच्यांना विचारल्याशिवाय जन्मतारीख निमंत्रणावर, फलकावर किंवा स्मरणिकेत छापू नका.

वेळेबाबत माझे मत ठाम आहे. रविवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ सर्वांत चांगली. मेढा, परळी, कोरेगाव, रहिमतपूर या बाजूंनी येणारी वयस्कर माणसे जेवून निघतात आणि संध्याकाळी गावी परततात. सभा सहाला सुरू केली तर आठच्या सुमारास ज्यांना मुक्कामाची गाडी गाठायची असते तेच आधी उठतात, आणि बहुतेक वेळा तीच माणसे शिक्षकांना सर्वांत जवळून ओळखणारी असतात. एस.टी. स्थानकावर स्वतः जाऊन त्या त्या मार्गाच्या परतीच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणा आणि त्यावरून सभेची वेळ बांधा.

३. जागा आणि परवानग्या

ज्या शाळेत शिक्षकांनी शिकवले त्या शाळेचे सभागृह किंवा पटांगण ही पहिली पसंती असावी. शाहू कला मंदिरासारखे नाट्यगृह मोठे आणि सोयीचे असते, बसण्याची व्यवस्था तयार मिळते. परंतु आपल्याच वर्गाच्या खिडकीसमोर उभे राहून बोलणाऱ्या माणसाला जे आठवते ते नाट्यगृहात आठवत नाही. नाट्यगृह घ्यायचे असेल तर रविवारच्या तारखा नाटकांसाठी आधीच गेलेल्या असू शकतात, म्हणून चौकशी लवकर करा आणि अनामत रक्कम, साफसफाई व ध्वनिव्यवस्था भाड्यात धरली आहे का, हे लेखी घ्या.

शाळेसाठी मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा लागतो. खासगी संस्थेची शाळा असेल तर संस्थेच्या कार्यालयाची संमती लागते आणि तिला वेळ लागतो, त्यामुळे एक महिना आधी अर्ज करणे शहाणपणाचे आहे.

उघड्या पटांगणात ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी घ्या. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. आपली सभा दुपारची आणि सौम्य आवाजाची असली तरी अर्ज करून पोच ठेवावी. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर अधिक चौकशी करा. लोकप्रतिनिधी व्यासपीठावर बसणार असतील तर विशेषच.

आणखी एक गोष्ट स्वतः तपासा: चाकाची खुर्ची सभागृहापर्यंत जाते का आणि स्वच्छतागृह किती दूर आहे. शिक्षकांचे समवयस्क सहकारी ऐंशीच्या पुढचे असतात. आम्ही तीन पायऱ्यांवर लाकडी फळ्यांचा उतार करून घेतला आणि त्यामुळे दोन निवृत्त शिक्षक पहिल्या रांगेपर्यंत येऊ शकले.

४. विद्यार्थी शोधणे

या कामाला सर्वाधिक वेळ द्या. व्हॉट्सॲप गटावर संदेश टाकला म्हणजे सगळ्यांना कळले, असा समज होतो. प्रत्यक्षात गटावर असणारी माणसे सहसा एकमेकांच्या ओळखीची, शहरात स्थिरावलेली आणि चांगल्या नोकऱ्यांतील असतात. शिक्षकांनी ज्यांच्यासाठी अधिक झिजून काम केले ते विद्यार्थी अनेकदा त्या गटात नसतात.

प्रत्येक तुकडीसाठी एक माणूस नेमा आणि त्याच्याकडे वीस-पंचवीस नावांची जबाबदारी द्या. नावे आठवत नसतील तर मुख्याध्यापकांच्या परवानगीने आणि त्यांच्या समोर शाळेचे जनरल रजिस्टर पाहता येते. मात्र त्याचे फोटो काढून गटावर टाकू नका, कारण त्यात लोकांची खासगी माहिती असते.

मुली शोधणे अवघड जाते. रजिस्टरमध्ये माहेरचे नाव असते आणि लग्नानंतर आडनाव व गाव दोन्ही बदललेले असते. यावर एकच उपाय आम्हाला सापडला: त्यांच्या माहेरी जाऊन भावाला किंवा भावजयीला विचारणे. शनिवार-रविवार मोटारसायकलवरून फिरून आमच्या दोन वर्गमैत्रिणींनी हे काम केले आणि त्यांच्यामुळे सभेला आलेल्या स्त्रियांची संख्या आमच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक झाली. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्यांसाठी मार्केट यार्ड, रिक्षा थांबा, एस.टी. आगार आणि गावच्या पारावर तोंडी निरोप द्या. ‘आपण शिकलो नाही, आपण कशाला जायचे’ असे त्यांना वाटते. म्हणून छापील निमंत्रण हातात द्या आणि ‘तुम्ही यायलाच हवे’ असे शब्दांत सांगा.

५. माहिती आणि वस्तू गोळा करणे

सेवेचा तपशील, बदल्यांची गावे, निवृत्तीचे वर्ष या गोष्टी घरच्यांकडील सेवापुस्तकाच्या प्रतीवरून आणि शाळेच्या नोंदींवरून पडताळून घ्या. आठवणीवर विसंबून लिहिलेले जीवनपट सभेतच दुरुस्त करावे लागतात आणि ते घरच्यांना लागते. शाळेचे, गावांचे आणि माणसांचे प्रत्येक नाव दोघांनी स्वतंत्रपणे वाचून तपासावे.

फोटोंबाबत सांगायचे तर, ओळखपत्रावरील फोटो मोठा करून फलकावर लावण्याची चूक करू नका. तो धूसर येतो आणि त्यात माणूस दिसत नाही. जुने फोटो घरोघरी अल्बममध्ये असतात. सहलीचे, स्नेहसंमेलनाचे, निकालाच्या दिवसाचे. मूळ फोटो स्वीकारताना मागे पेन्सिलीने मालकाचे नाव लिहा, वहीत नोंद करा, स्कॅन करून आठवड्यात परत द्या.

फोटोंहून अधिक परिणाम वस्तूंचा होतो. आमच्या सरांनी शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला होता आणि पावसाळ्यात रोज सकाळी दोन विद्यार्थी त्याची नोंद घेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, हे ते पुस्तकातून वाचून दाखवत नसत; माणमधून शिकायला आलेल्या मुलाला आमच्या वहीतला आकडा मोठ्याने वाचायला लावत आणि मग त्याच्या गावी विहिरीला पाणी किती आहे ते विचारत. त्या पावसाच्या वह्या शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात सापडल्या. अजिंक्यताऱ्यावर बसवून आमच्याकडून काढून घेतलेले शहराचे नकाशे तिघांनी घरी जपून ठेवले होते. हे सगळे आम्ही प्रवेशद्वाराजवळ एका लांब टेबलावर मांडले. नोंदीखाली आपले बालपणीचे अक्षर पाहून माणसे तेथेच थांबून बोलू लागली. तुमच्या शिक्षकांचेही असे काही असेल: तपासलेल्या वह्या, हस्तलिखिते, खडूने रंगलेला डस्टर, शिट्टी. ते शोधाच.

६. कोण बोलणार आणि किती

येथेच बहुतेक सभा फसतात, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने लिहितो.

प्रमुख पाहुणे नसले तरी चालते. कोणी तरी मोठे नाव हवे असा आग्रह झाला तर एवढेच विचारा, की त्या व्यक्तीचा शिक्षकांशी प्रत्यक्ष संबंध होता का. असेल तर त्यांना जरूर बोलवा, पण त्यांच्या येण्यावर सभेची सुरुवात अवलंबून ठेवू नका. निमंत्रणावर लिहिलेल्या वेळेला सभा सुरू होईल, हे त्यांना आधीच नम्रपणे कळवा. शाल, श्रीफळ आणि सत्कार स्मृतिसभेत पूर्ण टाळा. एकाचा सत्कार केला की पाच जणांचा करावा लागतो आणि अर्धा तास त्यातच जातो.

आम्ही आखलेले वेळापत्रक असे होते: प्रास्ताविक ८ मिनिटे, फोटो आणि सरांच्या आवाजाची ध्वनिफीत १० मिनिटे, ठरलेले आठ वक्ते प्रत्येकी ५ मिनिटे म्हणजे ४०, घरच्यांचे मनोगत १०, उपस्थितांपैकी ऐनवेळी बोलू इच्छिणाऱ्यांसाठी २०, पुढील उपक्रमाची माहिती ५, आभार ३ आणि शाळेची प्रार्थना ४. एकूण १०० मिनिटे. दोन तासांतील उरलेली २० मिनिटे लांबणाऱ्यांसाठी राखून ठेवली आणि ती पूर्ण खर्ची पडली.

आठ वक्ते निवडताना वेगवेगळ्या काळातील घ्या. पहिल्या तुकडीतील एक, शेवटच्या तुकडीतील एक, एक सहकारी शिक्षक, एक शिपाई किंवा प्रयोगशाळा सहायक, एक पालक, शाळा अर्धवट सुटलेला एक विद्यार्थी, आणि स्त्रिया निम्म्या तरी असाव्यात. शिपायाला आवर्जून बोलवा. शाळा सुटल्यानंतर शिक्षक काय करत, हे त्याच्याइतके कोणी पाहिलेले नसते.

वक्त्यांना आठ दिवस आधी भेटून एकच विनंती करा: विशेषणे नकोत, एक प्रसंग सांगा. ‘विद्यार्थीप्रिय’, ‘हाडाचे शिक्षक’, ‘ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व’ हे शब्द कोणत्याही शिक्षकाला लागू पडतात आणि दहा मिनिटांनी कानावरून जाऊ लागतात. याउलट आमच्या सभेत माण तालुक्यातून आलेल्या एका ट्रकचालकाने सांगितले, की रात्री अनोळखी रस्त्यावर तो आजही आधी दिशा पाहतो, ध्रुवतारा शोधतो, कारण आठवीत सरांनी तो शोधायला लावला होता. त्याचे बोलणे दोन मिनिटांतच संपले, पण त्यानंतरच्या प्रत्येक वक्त्याने प्रसंगच सांगितला.

वेळ संपल्याची खूण कशी द्यायची हेही ठरवून ठेवा. चिठ्ठी पाठवली तर वक्ते ती बाजूला ठेवतात. आम्ही शाळेचा टोल वापरला: साडेचार मिनिटांनी एक हलका ठोका, पाचव्या मिनिटाला दोन. तो कोणालाही अपमानास्पद वाटला नाही, कारण त्या टोलाचे ऐकण्याची सवय सर्वांना होती. घरच्यांचे मनोगत सर्वांत शेवटी ठेवू नका. तोपर्यंत ते फार थकलेले असतात. बोलण्याची इच्छा नसेल तर त्यांनी लिहून दिलेले कोणी तरी वाचून दाखवावे.

७. पैसा

आमचा मुख्य खर्च मंडप व खुर्च्या, ध्वनिव्यवस्था, छपाई आणि चहा एवढाच होता. वर्गणी फक्त ओळखीच्या माजी विद्यार्थ्यांकडून घ्या आणि कमाल रक्कम ठरवून द्या, म्हणजे कमी देणाऱ्याला संकोच वाटत नाही. एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर यूपीआयने पैसे मागवणे हा सर्वांत सामान्य सापळा आहे. माणूस प्रामाणिक असला तरी नंतर हिशोबावरून मने दुखावतात. दोघांच्या नावे संयुक्त खाते उघडा, प्रत्येक रकमेची पावती द्या. धर्मादाय कामासाठी सर्वसामान्य लोकांकडून निधी गोळा करायचा असेल तर त्यासाठी कायद्याने परवानगी लागते. गणेश मंडळे वर्गणीसाठी ज्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून ती घेतात, तेथे आधी चौकशी करा.

शिक्षकांच्या नावे पारितोषिक ठेवायचे असेल तर रक्कम शाळेच्या संस्थेकडे धनादेशाने द्या, मुदतठेवीत ठेवण्याबद्दल लेखी ठराव मागा, आणि व्याजाचा हिशोब आधी करा. २५,००० रुपयांवर सात टक्के दराने वर्षाला १,७५० रुपये मिळतात. त्यात एक चांगले पारितोषिक बसते, पाच बसत नाहीत. मोठ्या घोषणा करून तिसऱ्या वर्षी पारितोषिक बंद पडणे हा शिक्षकांच्या नावाचा अवमान आहे.

८. सभेच्या दिवशी

सोबत एका फाइलमध्ये ठेवायची कागदपत्रे:
– शाळेचे किंवा नाट्यगृहाचे परवानगीपत्र व पैसे भरल्याची पावती
– पोलीस ठाण्यातील अर्जाची पोच आणि परवानगी
– घरच्यांनी तपासून दिलेला जीवनपट
– वक्त्यांची यादी, क्रम आणि फोन क्रमांक
– जमाखर्चाची वही

साहित्य: दोन ध्वनिक्षेपक आणि जास्तीची बॅटरी, प्रोजेक्टर, फोटोंच्या प्रती असलेले दोन पेन ड्राइव्ह, लांब वायरचा बोर्ड, वीज गेल्यास जनित्र, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी, अभिप्रायाची जाड वही आणि चांगली चालणारी दहा पेने.

ध्वनिव्यवस्था सभेच्या तासभर आधी शेवटच्या रांगेत बसून ऐका. पहिल्या दोन रांगा शिक्षकांच्या घरच्यांसाठी आणि वयस्कर सहकाऱ्यांसाठी चिठ्ठ्या लावून राखा, आणि तेथे दुसरे कोणी बसणार नाही याची जबाबदारी एका ठाम माणसाकडे द्या. घरच्यांजवळ एक परिचित स्त्री सतत असावी. पाणी, बाहेर जाणे, एखाद्याला टाळणे, हे सगळे ती न सांगता सांभाळते. संपूर्ण सभेचे ध्वनिमुद्रण करा.

खाण्यापिण्याबद्दल घरच्यांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका. स्मृतिसभेत गोड देणे अनेकांना रुचत नाही आणि आम्हीही केवळ चहा ठरवला होता. काकूंनीच आग्रहाने कंदी पेढे द्यायला लावले, कारण दहावीच्या निकालाच्या दिवशी सर नापास झालेल्या मुलांच्या घरी पेढे घेऊन जात आणि पुढच्या परीक्षेचा अर्ज तिथेच भरून घेत. निवेदकाने हे कारण सांगितल्यावरच पेढे वाटले गेले. ते सांगितले नसते तर लोकांना प्रश्न पडला असता.

९. सभेनंतरचे पंधरा दिवस

दुसऱ्याच दिवशी सभागृह आणि पटांगण स्वतः जाऊन पाहा. फुले, कागद, खिळे राहिलेले असतात. आठवड्यात सर्व देणी चुकवा आणि जमाखर्च वर्गणीदारांना पाठवा. शिल्लक रकमेचे काय करायचे ते खर्चाआधीच ठरलेले असावे. घेतलेले फोटो आणि वस्तू नोंदवहीप्रमाणे परत करा, ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवा, आणि ज्यांना बोलायला वेळ मिळाला नाही त्यांच्या घरी जाऊन त्यांची आठवण फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. गुरुजींच्या सभेत राहून गेलेले हे काम आम्ही यावेळी केले. चौदा माणसांच्या आठवणी मिळाल्या, त्यातील दोघे पुढील वर्षभरातच गेले.

अभिप्रायाची वही घरी नेऊन देताना घाई करू नका, थोडा वेळ बसा. काकूंनी आमच्यासमोर ती चाळली, वर्ष आणि तुकडी लिहिलेल्या प्रत्येक नावाशी थांबल्या, आणि पावसाच्या वह्या शाळेतच राहू द्या असे म्हणाल्या. पर्जन्यमापकाचे फुटलेले नरसाळे बदलून घेण्यासाठी शिल्लक रक्कम पुरली. जूनपासून आठवीची मुले पुन्हा नोंदी घेऊ लागली आहेत.